'पिच्चर कसा वाटला?' याच्या पुढचं उत्तर कसं द्यावं

वर्गात चित्रपट दाखवून त्यावर लिहायला सांगितलं, की निम्म्या वह्यांत तीच तीन वाक्यं येतात: अभिनय उत्कृष्ट आहे, छायालेखन नयनरम्य आहे, चित्रपट समाजाला संदेश देतो. बीडला जा, परभणीला जा, नांदेडला जा, वाक्यं बदलत नाहीत. त्यात चूक काही नाही. अडचण एवढीच, की चित्रपट न बघताही ती लिहिता येतात. बघितल्याशिवाय जे लिहिताच येणार नाही, ते विश्लेषण. त्यासाठी नाट्यशास्त्राला प्रवेश घ्यावा लागत नाही. मोबाइल, वही आणि दोन-तीन मोकळ्या संध्याकाळी पुरतात.

आधी सलग, मग थांबत थांबत

पहिल्यांदा चित्रपट नुसता बघा. हातात पेन नको, मधूनच व्हॉट्सअॅप नको. रडू आलं तर येऊ द्या. कंटाळा आला तर नेमका कुठे आला ते लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडतं.

दुसऱ्या वेळी सगळा चित्रपट घेऊ नका. मनात अडकून राहिलेलं तीन-चार मिनिटांचं एकच दृश्य निवडा. पानावर तीन रकाने आखा: काय दिसलं, काय ऐकू आलं, मला काय वाटलं. तिसरा रकाना शेवटी भरायचा. पहिल्या रकान्यात 'गरिबी' असं लिहायचं नाही; 'पत्र्याचं छप्पर, त्यावर दगड, चुलीपाशी एकच पातेलं' असं लिहायचं. गरिबी हा तुम्ही काढलेला अर्थ झाला, कॅमेऱ्यासमोर पातेलं होतं.

मग तेच दृश्य एकदा आवाज बंद करून बघा आणि एकदा डोळे मिटून नुसतं ऐका. मुलांना हा पोरखेळ वाटतो, पण सगळ्यात जास्त माल इथेच हाती लागतो.

एक दृश्य उलगडून बघू

नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' (2013) घ्या. शेवटाकडे शाळेच्या जवळ जब्या या शाळकरी मुलाच्या घरच्यांची डुक्कर धरण्याची धावपळ चालू असते. तेवढ्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. जब्या जागच्या जागी उभा राहतो, घरचेही थांबतात. डुक्कर निसटतं.

आता रकाने भरा. दिसलं: ताठ उभी माणसं, पळणारं जनावर. ऐकू आलं: राष्ट्रगीत. हा आवाज कुठून येतो हे विचारायला विसरू नका. काही आवाज पात्रांनाही ऐकू येतात, काही फक्त प्रेक्षकाला. इथे दिग्दर्शकाने वरून करुण व्हायोलिन वाजवलं असतं तर 'आता वाईट वाटून घ्या' अशी सूचनाच मिळाली असती. राष्ट्रगीत मात्र गोष्टीच्या आतलं आहे, पात्रांच्या कानावर पडतं आणि तेच त्यांचे पाय थांबवतं. ज्या कुटुंबाला गाव आपल्यात धरत नाही, ते कुटुंब देशाच्या गीताला शिस्तीत उभं राहतं आणि त्यापायी हातचं डुक्कर जातं. हे एकही पात्र तोंडाने बोलत नाही.

पुढे डुक्कर बांधून नेताना मागच्या भिंतीवर बाबासाहेब आंबेडकर, सावित्रीबाई फुले यांची चित्रं दिसतात. इथे 'दिग्दर्शकाने समतेचा संदेश दिला' असं लिहायचा मोह होतो. तो आवरा. भिंतीवर ही चित्रं आणि भिंतीसमोरून डुक्कर वाहणारी माणसं, हे दोन्ही एकाच चौकटीत आहे, एवढं नोंदवलंत तरी वाचणाऱ्याला पुरतं. आणि शेवटी जब्या भिरकावतो तो दगड? तो कॅमेऱ्याच्या दिशेने येतो. तोवर गंमत बघणारे गावकरी होते, त्या क्षणी बघ्यांत आपणही मोजले जातो.

गोष्ट तपासा: कोणाला काय हवंय?

कथेची हाडं समजायला स्वतः एक गोष्ट रचून बघणं सगळ्यात सोपं. धारूरकडची एक सहावीतली मुलगी धरा. आईबाप ऊसतोडीला निघालेत. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली आहे, त्यामुळे माघार नाही. मुलीला शाळा सोडायची नाही, पण धाकट्या भावाला फडावर सांभाळायला तीच लागते. तिला काय हवंय ते कळलं, आडवं काय येतंय ते कळलं. तरी अजून गोष्ट झालेली नाही, हे दुःख बातमीतही येतं. ती काहीतरी ठरवते तेव्हा गोष्ट होते: लपते, खोटं बोलते, आजीला गळ घालते किंवा दप्तर घेऊन ट्रॅक्टरवर चढते. कुठलाही चित्रपट बघताना पात्राने केलेल्या निवडी शोधा. 'स्वभाव प्रेमळ आहे' या वाक्यापेक्षा एक निवड पात्राबद्दल जास्त सांगते.

मग क्रम. ट्रॅक्टर हलतो तिथून सुरुवात केली तर प्रेक्षक विचारतो, आता हिचं काय होणार? वर्गात हजेरी घेताना बाई तिच्या नावापाशी थांबतात तिथून सुरुवात केली तर विचारतो, ही गेली कुठे? घटना त्याच, प्रश्न वेगळा. आणि नजर कोणाची? मुलीच्या नजरेतून उचल म्हणजे रात्री पांघरुणातून ऐकलेलं कुजबुजणं. मुकादमाच्या नजरेतून नवरा-बायकोची ती जोडी म्हणजे 'एक कोयता', वहीतला हिशोब.

क्रमाचा विषय निघालाच आहे, तर सहलीला अजिंठ्याला जाल तेव्हा सतराव्या लेण्यात जरा जास्त वेळ काढा. विश्वंतर जातकाच्या, म्हणजे बुद्धाच्या एका पूर्वजन्माच्या गोष्टीच्या, चित्रात तोच राजपुत्र एकाच भिंतीवर पुन्हा पुन्हा दिसतो: दान करताना, राज्य सोडून जाताना, पुढे मुलंसुद्धा देऊन टाकताना. मध्ये खांब किंवा झाड आलं की प्रसंग बदलला असं समजायचं. तिथे आपली नजर भिंतीवरून फिरते, चित्रपटात हे काम संकलक करतो.

शॉट आणि कट

लाँग शॉट, मिड शॉट, क्लोजअप, लो अँगल ही नावं तासाभरात पाठ होतात. नुसत्या नावांना मार्क देऊ नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. 'इथे क्लोजअप आहे' हे अर्धं वाक्य झालं. 'इतका वेळ लांबून दाखवलेल्या बापाचा चेहरा इथे पहिल्यांदा जवळून दिसतो' हे पूर्ण.

कट म्हणजे एका शॉटला दुसरा जोडणं. तो समजून घ्यायला शंभर वर्षांपूर्वी रशियात लेव्ह कुलेशोव्ह यांनी केलेला प्रयोग घरी करा. त्यांनी एका नटाचा तोच निर्विकार चेहरा कधी सुपाच्या वाडग्याला, कधी शवपेटीला, कधी एका स्त्रीला जोडला. चेहरा तसाच, तरी बघणाऱ्याला भूक, दुःख, ओढ असे वेगवेगळे भाव दिसतात. तुम्ही मित्राचा चेहरा मोबाइलवर घ्या, त्याला काहीही भाव आणू देऊ नका. त्यापुढे एकदा ताटातली भाकरी जोडा, एकदा रिकामी घागर, एकदा स्टँडवरून निघून चाललेली एसटी. तीन वेगळ्या माणसांना दाखवा आणि तो काय विचार करतोय ते विचारा.

आशय सगळ्यात शेवटी

नारदीय कीर्तनात बुवा पूर्वरंगात मुद्दा मांडतात आणि उत्तररंगात आख्यान लावतात. चित्रपट बहुधा नुसता उत्तररंगच दाखवतो. पूर्वरंग आपण शोधायचा. म्हणून विषय एका शब्दात लिहू नका. 'जात' हा शब्द झाला. चित्रपट जातीबद्दल काय म्हणतो ते पूर्ण वाक्यात लिहा, आणि ते सिद्ध करणाऱ्या तीन जागा तुमच्या रकान्यांतून काढून दाखवा. एकच जागा मिळत असेल तर वाक्य बदला. तिन्ही जागा संवादातल्याच असतील तर पुन्हा आवाज बंद करून बसा.

लिहायला बसल्यावर

कथासार चार ओळींच्या वर जाऊ देऊ नका. वाचणाऱ्याला चित्रपट बघायचा असतो. पहिला परिच्छेद थेट निवडलेल्या दृश्यापासून सुरू करा. 'अप्रतिम', 'विदारक', 'काळजाला भिडणारे' हे शब्द पहिल्या खर्ड्यात बेलाशक वापरा, मग प्रत्येकाखाली रेघ मारून त्या जागी रकान्यातलं काहीतरी आणून बसवा. लिहून झालं की चित्रपट न पाहिलेल्या मैत्रिणीला वाचून दाखवा, आणि जिथे तिला काहीच डोळ्यांपुढे येत नाही ती ओळ खोडा.