'आर्सेनिक अँड ओल्ड लेस' बसवताय? या चुका टाळा

जोसेफ केसलरिंगच्या 'आर्सेनिक अँड ओल्ड लेस'चा पहिला प्रयोग १० जानेवारी १९४१ रोजी न्यूयॉर्कच्या फुल्टन थिएटरमध्ये झाला आणि त्या पहिल्या फेरीतच नाटकाने १,४४४ प्रयोगांचा पल्ला गाठला. अमेरिकेतल्या लहानमोठ्या शहरांमधल्या नाट्यसंस्था ते आजही पुन्हा पुन्हा बसवतात. एकच नेपथ्य, चौदा पात्रं, उतारवयातल्या दोन अभिनेत्रींसाठी भरभक्कम भूमिका आणि आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांनी एकत्र बसून पाहावं असं कथानक. नाटकं निवडणाऱ्यांना आणखी काय हवं? पण हे नाटक वाचताना जितकं सोपं वाटतं तितकंच उभं करताना फसवतं. तिथल्या स्थानिक संस्थेत अभिनय करणाऱ्या किंवा विंगेत राबणाऱ्या मराठी मंडळींच्याही वाट्याला ते कधी ना कधी येतं, म्हणून नेहमी होणाऱ्या चुका इथे मांडतो आहे.

कथा थोडक्यात अशी. ब्रुकलिनमधल्या जुन्या घरात ॲबी आणि मार्था ब्रूस्टर या दोन प्रेमळ, देवभीरू बहिणी राहतात. शेजारी कुणी आजारी पडलं की घरून सूप पाठवतात, गरीब मुलांसाठी खेळणी गोळा करतात आणि एकाकी म्हाताऱ्यांना एल्डरबेरीच्या वाइनमधून विष देऊन तळघरात विधिवत पुरतात. त्यांच्या मते हे पुण्यकर्म आहे. त्यांचा एक भाचा, टेडी, स्वतःला राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट समजतो. दुसरा, मॉर्टिमर, नाट्यसमीक्षक आहे आणि त्याचं नुकतंच लग्न ठरलंय. तिसरा, जोनाथन, खराखुरा खुनी. तो डॉ. आइनस्टाइन नावाच्या दारुड्या शल्यचिकित्सकाला घेऊन त्याच रात्री घरी परततो. सोबत एक मृतदेहही आणतो.

आत्यांना सगळं ठाऊक आहे असं दाखवणं

सर्वांत मोठी आणि सर्वांत जास्त वेळा होणारी चूक हीच. ॲबी-मार्था करणाऱ्या अभिनेत्रींना माहीत असतं की आपण विनोदी नाटकात आहोत, आणि ते त्यांच्या चेहऱ्यावर उमटतं. डोळ्यांत एक मिश्कील चमक येते. विषाचा उल्लेख आला की आवाज खाली जातो, मान किंचित तिरकी होते. पहिल्या दहा मिनिटांत प्रेक्षक हसतात आणि विसाव्या मिनिटाला सगळं थंडावतं, कारण आता दोन चेटकिणी दिसत असतात आणि चेटकिणींनी विष घातलं तर त्यात नवल ते काय?

प्रमाण सांगण्याचा प्रसंग घ्या. गॅलनभर वाइनला चमचाभर आर्सेनिक, अर्धा चमचा स्ट्रिक्निन आणि अगदी चिमूटभर सायनाइड. एखादी आत्या भाच्याला कैरीच्या लोणच्याचं प्रमाण सांगताना जशी मोहरी-हिंगाच्या अंदाजात गुंगून जाते, त्याच सुरात हे वाक्य यायला हवं. चिमटीवर जोर द्यायचा नाही, थांबायचं नाही, प्रेक्षकांकडे नजर तर मुळीच टाकायची नाही. हशा मॉर्टिमरच्या चेहऱ्यावर फुटू द्या.

मूळ प्रयोगातल्या जोसेफिन हल आणि जीन ॲडेर दोघी तेव्हा साठी ओलांडलेल्या होत्या, त्यामुळे म्हातारपण वेगळं 'करून' दाखवायची त्यांना गरजच नव्हती. तुमच्या संस्थेत पस्तिशीतल्या अभिनेत्री ही कामं करणार असतील तर थरथरता आवाज आणि वाकलेली पाठ दिग्दर्शकाने पहिल्याच दिवशी बंद करावी. या बायका दणकट आहेत, घर चालवतात, तळघराचे जिने चढउतार करतात. हाताला सतत काहीतरी काम द्या. चहाची भांडी आवरणं, टेबलक्लॉथ सरळ करणं, विणकाम. नाटक चहापानाने सुरू होतं आणि त्या गप्पांत युरोपातल्या युद्धाचा विषय येतो. 'हे आता जुनं झालं' म्हणून हा भाग घाईघाईने उरकू नका. जगातल्या हिंसेबद्दल मनापासून हळहळणाऱ्या या बायका प्रेक्षकांना आधी पटल्या पाहिजेत. पहिल्या दहा मिनिटांत हशा कमी असला तरी घाबरू नका, पुढे तो व्याजासह वसूल होतो.

मॉर्टिमर पहिल्याच अंकात दमतो

खिडकीखालचा पेटारा उघडून मॉर्टिमर आत मृतदेह पाहतो. इथे नट किंचाळला, उडाला, केस ओढले, की उरलेल्या अडीच अंकांसाठी त्याच्याकडे काही शिल्लक राहत नाही. ही सवय बहुतेक वेळा चित्रपटातून येते. फ्रँक काप्राने तो १९४१ मध्येच चित्रित केला, पण ब्रॉडवेवरचे, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवरचे, प्रयोग संपेपर्यंत प्रदर्शित करायचा नाही असा करार असल्यामुळे तो १९४४ मध्ये लोकांपुढे आला. त्यातला कॅरी ग्रँटचा मॉर्टिमर सुरुवातीपासूनच डोळे विस्फारून धावतो. खुद्द ग्रँटला आपलं ते काम आवडलं नव्हतं. पडद्यावर तो वेग कॅमेरा आणि संकलन सांभाळून घेतात, रंगमंचावर तो एकट्या नटाच्या छातीवर येतो.

उपाय म्हणजे चढण आखून घ्या. पेटाऱ्यात पहिल्यांदा पाहिल्यावर मॉर्टिमरचा समज असा होतो की हा उद्योग टेडीचा. म्हणजे तो आत्यांना सांभाळून घ्यायला निघालेला एक समजूतदार, काळजीत पडलेला भाचा असतो. त्या दोघी शांतपणे 'आम्हीच' म्हणतात तिथे पहिला धक्का. हा पहिलाच नाही हे कळतं तिथे दुसरा. आकडा कळतो तिथे तिसरा. प्रत्येक धक्क्यानंतर तो पुन्हा शहाण्यासारखं वागायचा प्रयत्न करतो, आणि खरी गंमत त्या प्रयत्नात आहे. तालमीत नटाला पूर्ण पहिला अंक आवाज न चढवता एकदा करायला लावा. कुठे आवाज चढणं अटळ आहे हे त्याचं त्यालाच कळेल.

जोनाथनची भीती वाटत नाही

मग नाटक संपलंच समजा. जोनाथन विनोदी नाही. दुसऱ्या-तिसऱ्या अंकातला प्रत्येक हशा त्याच्या धाकावर उभा आहे. तिसऱ्या अंकात मॉर्टिमर खुर्चीला बांधलेला असतो, जोनाथन हत्यारं मांडून तयार असतो, आणि ओ'हारा नावाचा पोलीस आत येऊन, सुटका करायची सोडून, स्वतः लिहिलेल्या नाटकाची गोष्ट त्या बांधलेल्या समीक्षकाला ऐकवत बसतो. जोनाथनचं भय खरं असेल तर हा प्रसंग लाजवाब होतो, नाहीतर नुसता लांबतो.

आता कार्लॉफचा प्रश्न. दारूच्या नशेत डॉ. आइनस्टाइनने जोनाथनचा चेहरा बदलला आणि तो बोरिस कार्लॉफसारखा झाला. १९४१ मध्ये ही भूमिका स्वतः बोरिस कार्लॉफ करत होता, १९३१ च्या 'फ्रँकेन्स्टाइन' चित्रपटामुळे त्याचा चेहरा घराघरात पोचलेला होता, त्यामुळे त्या वाक्याला नाट्यगृह दणाणायचं. आजच्या तरुण प्रेक्षकाला हे नाव माहीत असेलच असं नाही. म्हणून संस्था त्या जागी आजच्या एखाद्या नटाचं नाव घालतात. हे करू नका. प्रयोगाचे हक्क ड्रामॅटिस्ट्स प्ले सर्व्हिसकडून घ्यावे लागतात आणि परवानगीशिवाय संहितेत फेरफार करणं म्हणजे कराराचा भंग आहे. शिवाय त्याची गरजही नाही. प्रेक्षकाला कार्लॉफ माहीत नसला तरी ते नाव उच्चारताच जोनाथन ताठ होतो, खोलीतला प्रत्येक जण एक पाऊल मागे सरकतो, एवढं नीट बसवलं तर तिसऱ्यांदा नाव येईपर्यंत प्रेक्षक आधीच हसायला लागतात. मेकअपमध्ये टाक्यांचे व्रण असू द्या, पण चेहरा इतका झाकू नका की नटाच्या हालचालीच मरून जातील.

डॉ. आइनस्टाइनच्या जर्मन उच्चारांचंही भान ठेवा. चित्रपटातल्या पीटर लॉरीची नक्कल करण्याचा मोह जवळजवळ प्रत्येक नटाला होतो. शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचत नसतील तर उच्चार सौम्य करा. हा माणूस घाबरट, थकलेला आणि मनाने वाईट नसलेला आहे, ते दिसणं जास्त गरजेचं.

पेटारा, अंधार, जिना

इथे सगळ्यात जास्त घोटाळे होतात आणि माणसं जखमीही होऊ शकतात, म्हणून जरा सविस्तर.

खिडकीखालच्या पेटाऱ्याचं झाकण प्रयोगभर उघडत-मिटत राहतं. जड लाकडी झाकण आपटलं की बोटं चेंगरतात आणि नाजूक प्रसंगात गोळी सुटल्यासारखा आवाज होतो. कडांना फोमची पट्टी लावा, झाकण हळू मिटवणारा दट्ट्या बसवा. कडी किंवा खिटी बाहेरून लागेल अशी अजिबात नको. पेटाऱ्याची मागची बाजू उघडी ठेवून भिंतीपलीकडे वाट काढा, म्हणजे आतला माणूस बाहेर पडू शकेल आणि गरज लागेल तेव्हा पुतळा आत सरकवता येईल.

दुसऱ्या अंकातल्या अंधारात टेडी पेटाऱ्यातला मृतदेह उचलून तळघरात नेतो आणि मग जोनाथन आणि आइनस्टाइन दुसरा मृतदेह खिडकीतून आत आणतात. चूक दोन टोकांची होते. काही ठिकाणी इतका काळोख करतात की प्रेक्षकांना ऐकू येते ती नुसती खुडबुड, आणि ही अदलाबदल कळली नाही तर पुढचा अर्धा तास कळत नाही. काही ठिकाणी इतका उजेड ठेवतात की पात्रं एकमेकांना कशी दिसत नाहीत हाच प्रश्न पडतो. खिडकीतून तिरपा, मंद निळा प्रकाश आणि एक काडी पेटल्याचा उजेड पुरतो. हालचाली आधी पूर्ण उजेडात पाठ करा, मग थोड्या उजेडात, आणि शेवटी प्रत्यक्ष प्रकाशयोजनेत. जिन्याच्या कडांना, खुर्चीच्या पायांच्या जागी, तळघराच्या उंबऱ्याला अंधारात चमकणारी पट्टी चिकटवा. कापसाने भरलेला हलका पुतळा खांद्यावर टाकला की तो उशीसारखा डुलतो. त्याच्या पोटात आणि पायांत वाळूच्या पिशव्या शिवा. जिवंत नट उचलायचा असेल तर टेडीची पाठ आणि त्याचं तंत्र या दोन्हींची खात्री झाल्याशिवाय तो विचार करू नका.

टेडी जिन्यावरून 'चार्ज' करत धावतो, कारण त्याच्या लेखी ती क्यूबामधली सॅन वान टेकडी आहे, जिथे १८९८ मध्ये रूझवेल्ट लढला होता. वर पोचून तो दार आपटतो. जिना पहिल्या आठवड्यातच तालमीच्या जागेत आणा, टेपने जमिनीवर आखलेल्या जिन्यावर ही धाव बसत नाही. वरचं दार कापडी फ्लॅटमध्ये, म्हणजे चौकटीवर कापड ताणून केलेल्या भिंतीत, बसवलं असेल तर आपटल्यावर ब्रूस्टरांचं घर गदागदा हलतं. ती एक भिंत प्लायवुडची करा आणि मागून दोन टेकू द्या. टेडी बिगुलही वाजवतो. तो नटाला वाजवता येत नसेल तर ध्वनिमुद्रण चालतं, पण त्याने ओठांना बिगुल लावण्याआधी आवाज आला की बेरंग होतो. त्यापेक्षा त्याची पाठ प्रेक्षकांकडे असताना किंवा तो विंगेत गेल्यावर वाजवा. टेडीला वेडा म्हणून रंगवू नका, तो राष्ट्राध्यक्ष आहे आणि त्याला खूप कामं आहेत.

मॉर्टिमरला बांधताना गाठ एका ओढीत सुटणारीच हवी. बोळा तोंडात कोंबायचा नाही, रुमाल ओठांवरून बांधायचा. विंगेत कात्री ठेवलेली हवी आणि ती कुणाच्या हातात आहे हे ठरलेलं हवं. वाइनसाठी द्राक्षाचा रस पाणी घालून पातळ करा. घट्ट रसाने घसा चिकट होतो आणि आत्यांच्या लेसवरचे डाग निघत नाहीत.

तालमीत हसू आटतं, मग भलतंच सुचतं

व्यावसायिक संस्थांत तालमींना साधारण तीन-चार आठवडे मिळतात. दुसऱ्या आठवड्यात दिग्दर्शकासकट कुणालाच हसू येत नाही. नेमका याच काळात नट स्वतःची भर घालू लागतात. कुणी अडखळून पडतो, कुणी टोपी दोनदा पाडतो. याला औषध एकच. तिसऱ्या आठवड्यात संस्थेतल्याच, पण नाटक न वाचलेल्या आठ-दहा जणांना तालमीला बसवा आणि त्यांना काय आवडलं ते नंतर विचारण्यापेक्षा ते कुठे पुढे झुकतात ते पाहा.

हशा कसा घ्यायचा तेही तेव्हाच शिकता येतं. हशा चढतो, टोकाला जातो आणि उतरू लागतो. त्या उतारावर पुढचं वाक्य टाकायचं. पूर्ण शांतता होईपर्यंत थांबलात तर प्रत्येक वेळी गाडी पहिल्या गिअरपासून सुरू करावी लागते. दुपारच्या प्रयोगाला बरेच वयस्कर प्रेक्षक असतात, ते मोठ्याने न हसता गालात हसतात. तेव्हा वेग वाढवून हशा 'काढायला' जाऊ नका.

पडदा घाईने पाडणं

शेवटी विदरस्पून, म्हणजे वेड्यांच्या इस्पितळाचा एकाकी अधीक्षक, आत्यांसोबत एकटा उरतो. त्या त्याला वाइन देतात. तो प्याला ओठांशी नेतो आणि पडदा. तो प्यायला, कोसळला, असलं काहीही जोडू नका. पडदा लवकर पडला तर प्रेक्षकांना हिशेब लागत नाही: आत्यांचे बळी बारा, जोनाथनचेही बारा, आणि हा तेरावा. ॲबी प्याला पुढे करते तिथून पडद्यापर्यंतचा वेळ स्टेज मॅनेजरने दिग्दर्शकासोबत बसून ठरवावा आणि रोज तोच ठेवावा.

अनेक संस्था शेवटच्या नमस्काराला तळघरातून बारा म्हातारे रांगेने वर आणतात आणि टाळ्यांचा कडकडाट होतो. त्यासाठी गावातले ओळखीचे लोक, संस्थेचे देणगीदार असे हौशी पाहुणे रोज बदलून घेता येतात. पण त्यांना तिसरा अंक सुरू होण्याआधी आत बोलवा, फोन काढून घ्या, तळघराच्या पायऱ्या एकदा उजेडात चढायला लावा, आणि त्या अरुंद दारामागे बाराजण उभे राहतील एवढी जागा आहे का हे नेपथ्य ठोकायच्या आधी मोजून घ्या.