एमआर ते सॉफ्टवेअर सेल्स: पदवी कुठे मोजली, सर्टिफिकेट कुठे

सांगली-मिरजेत सहा वर्षं मी एमआर, म्हणजे औषध कंपनीची प्रतिनिधी, होते. बीएस्सी केमिस्ट्री, पाठीवर सॅम्पलची बॅग, आणि डॉक्टरांच्या केबिनबाहेर पेशंट संपेपर्यंत बसायची सवय. पुण्यात सॉफ्टवेअर विकायच्या नोकरीत जायचं मनात घेतलं तेव्हा घरात दोन पक्ष पडले. बाबांचं म्हणणं, एमबीए कर. आयटीतला मावसभाऊ म्हणाला, पदवीबिदवी कोण बघतंय, दोन सर्टिफिकेटं काढ. मी दोघांचंही ऐकलं, म्हणजे दोन्हीकडे पैसे घातले.

एमबीए वीकेंडचं होतं, हप्त्यावर. माहितीपत्रकात ‘प्लेसमेंट असिस्टन्स’ असं ठळक छापलेलं. प्रत्यक्षात तो व्हॉट्सअॅपचा एक ग्रुप निघाला, त्यावर नोकऱ्यांच्या जाहिरातींच्या लिंका यायच्या. त्या मला फुकटातही मिळत होत्या. दुसऱ्या सेमिस्टरनंतर सोडलं. हप्ते मात्र चालू राहिले. ज्या कॉलेजात कंपन्या स्वतः कॅम्पसला येतात तिथल्या पूर्णवेळ एमबीएची गोष्ट वेगळी. तिथे तुम्ही त्या येण्याचेच पैसे भरत असता.

मी दिलेल्या बहुतेक मुलाखतींत पदवीचा विषय एचआरच्या फॉर्मवर सुरू झाला आणि तिथेच संपला. जाहिरातीत ‘एनी ग्रॅज्युएट’ असतं, तिथे माझी बीएस्सी पुरली. पदवीच नसेल तर मात्र अडतं. माझ्या एका सहकाऱ्याने डिप्लोमानंतर शिक्षण सोडलं होतं, त्याने यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बीकॉम केलं आणि फॉर्मवरचा तो रकाना भरला. प्रीसेल्समध्ये, म्हणजे ग्राहकाला तांत्रिक बाजू उलगडून दाखवायच्या कामात जायचं असेल, तर इंजिनीअरिंग बरंच विचारतात. परदेशाचे बेत असतील तर व्हिसाच्या कागदांसाठीही पदवी हाताशी असलेली बरी.

आता सर्टिफिकेट. मी एडब्ल्यूएसचं, म्हणजे अॅमेझॉनच्या क्लाउड सेवेचं (इंटरनेटवरून भाड्याने मिळणारे सर्व्हर), क्लाउड प्रॅक्टिशनर निवडलं. 65 प्रश्न, 90 मिनिटं, 1000 पैकी 700 ला पास, फी 100 डॉलर आणि वर कर. रोज रात्री दोन तास बसून सहा आठवड्यांत झालं. हबस्पॉट आणि सेल्सफोर्स या सेल्ससाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपन्या. हबस्पॉटचे सेल्सचे कोर्स आणि सेल्सफोर्सचं ट्रेलहेड हे ऑनलाइन शिकायचं ठिकाण फुकट आहे, तेही केलं. ट्रेलहेडवर सीआरएम, म्हणजे ग्राहकांच्या नोंदी ठेवायचं सॉफ्टवेअर, समजून घेताना हसू आलं. आम्ही एमआर रोज संध्याकाळी डीसीआर, म्हणजे दिवसभराच्या भेटींचा अहवाल, भरायचो, कुठला डॉक्टर भेटला, काय बोलला, पुढचा कॉल कधी. हे तेच होतं, फक्त स्क्रीन चकचकीत.

मुलाखतीत समोरचे सर म्हणाले, “समजा मी चाकणच्या एका कारखान्याचा आयटी हेड आहे. करा कॉल.” मी पाठ केलेलं सुरू केलं: सर, क्लाउडमध्ये जेवढं वापराल तेवढंच बिल...

“मॅडम, मला क्लाउड नकोय. आमचा सर्व्हर दर महिनाअखेरीला बसतो. त्याचं काय ते सांगा.”

याचं उत्तर सर्टिफिकेटच्या अभ्यासात कुठेच नव्हतं. मी दोन क्षण गप्प. मग मिरजेची सवय कामाला आली. डॉक्टर ‘तुमचं औषध नको’ म्हणाले की औषध बाजूला ठेवून पेशंटबद्दल विचारायचं. मी विचारलं, “सर, सर्व्हर बसला की पहिली ओरड कोणाची येते?”

“डिस्पॅचची. इन्व्हॉइस निघत नाही, मग ई-वे बिल नाही, गाड्या गेटवर उभ्या.”

“किती गाड्या? किती वेळ?”

सरांनी पेन खाली ठेवलं. दुसऱ्या आठवड्यात ऑफर आली.

म्हणून सर्टिफिकेट वाया गेलं असं नाही, पण त्याचा उपयोग मला वाटला होता तो नव्हता. आमची कंपनी एडब्ल्यूएसची पार्टनर, म्हणजे त्यांची सेवा ग्राहकांना विकणारी, होती. पार्टनर कंपन्यांना सिलेक्ट, अॅडव्हान्स्ड, प्रीमियर अशा पायऱ्या असतात आणि त्या चढायला सर्टिफाइड माणसं ठराविक संख्येत दाखवावी लागतात. त्या मोजणीत माझं एक डोकं वाढलं, एवढाच त्याचा भाव. माझी एक मैत्रीण स्वतःचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीत लागली, तिला एडब्ल्यूएसबद्दल कोणी चकार शब्द विचारला नाही. तेव्हा आधी पार्टनर कंपनी की प्रॉडक्ट कंपनी ते ठरवा, फुकटचे कोर्स करा, आणि पैसे लागणारी परीक्षा शक्यतो नोकरी लागल्यावर कंपनीच्या खर्चाने द्या. क्लाउड प्रॅक्टिशनर तीन वर्षांनी संपतं. माझं संपत आलं तेव्हा मॅनेजरनेच आठवण करून परीक्षेचं व्हाउचर दिलं.

ऑफर हातात आली की शिफ्ट विचारा. न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा, हिवाळ्यात साडेसात, आणि सुटायला मध्यरात्र उलटून जाते. मग व्हेरिएबल. पगाराचा मोठा आकडा टार्गेट पूर्ण झालं तरच हाती येतो, एमआरना हे शिकवायला नको. एवढंच विचारा की गेल्या तिमाहीत टीममधल्या किती जणांचं टार्गेट झालं. उत्तर द्यायला एचआर अडखळला, तर नुसत्या फिक्स्ड रकमेत बाणेरचं घरभाडं बसतंय का ते आधी मांडून बघा.