बर्बन-राय ब्लेंड चाखताना

बर्बन (मुख्यतः मक्याची) आणि राय (मुख्यतः राय या धान्याची) या दोन अमेरिकन व्हिस्क्यांचं मिश्रण म्हणजे हा ब्लेंड. नाशिकच्या वायनरीत लागलेली ग्लास गरागरा फिरवायची सवय इथे सोडा. ४५-५० टक्के अल्कोहोलची वाफ नाक बधिर करते. निमुळत्या तोंडाच्या ग्लासात २० मिली घ्या, ओठ किंचित विलग ठेवून हुंगा. व्हॅनिला-कॅरॅमलच्या वासावरून काही ठरवू नका, तो पिंपाचा असतो आणि दोन्ही व्हिस्क्या आतून जाळलेल्या नव्या ओक पिंपातच मुरतात. मक्याचा गोडवा बर्बनचा. मिरी, बडीशेप, पुदिना रायचा. घोट जिभेवर घोळवा. गोडव्यातून तिखटपणा सलग चढायला हवा. मध्येच पोकळ वाटलं तर ब्लेंड जुळलेला नाही. नुसतीच जळजळ होत असेल, तर अर्धा छोटा चमचा पाणी घालून पुन्हा चाखा. एप्रिलच्या उकाड्यातही बर्फ नको, फार गार झाली की वास दबतो; हवं तर बाटली पाऊण तासच फ्रिजमध्ये ठेवा. आणि मिसळ खाऊन लगेच बसू नका, रायचा तिखटपणा कळणारच नाही.