लाकडी होडीचे सांधे भरताना या चुका टाळा

सोलापूर जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो, उजनीचे पाणी मागे सरते आणि काठावर ओढून ठेवलेल्या लाकडी होडीच्या दोन फळ्यांमधून पलीकडचा उजेड दिसू लागतो. बहुतेक चुका या उजेडाला घाबरून होतात. दिसली ती फट ठासून भरायची, वरून कडक मसाला चोपडायचा आणि पावसाळ्याची वाट पाहायची, असा क्रम मीही पहिल्या वर्षी पाळला होता. होडी पाण्यात उतरवल्यावर चौथ्या दिवशी तळाची एक फळी खिळ्यांसकट बाहेर सरकली.

कारण साधे आहे. लाकूड पाणी पिऊन लांबीत जवळजवळ वाढत नाही, ते रुंदीत फुगते. त्यातही वाढवलयांच्या दिशेने होणारा फुगवटा गाभ्याकडून सालीकडे होणाऱ्या फुगवट्याच्या साधारण दुप्पट असतो. उन्हाळ्यातली फट ही सांध्याची खरी रुंदी नव्हे, ती वाळलेल्या लाकडाने तात्पुरती सोडलेली जागा आहे. ती जागा इपॉक्सीसारख्या कडक पदार्थाने व्यापली की फुगणाऱ्या फळीला सरकायला वाव उरत नाही. मग फळीच्या कडा चिरडतात, खिळे सैल होतात किंवा आतल्या फासळीला तडा जातो.

म्हणून काम सुरू करण्यापूर्वी होडी सावलीत घ्यावी, आतून-बाहेरून ओली गोणपाटे पसरावीत आणि आठवडाभर ती वाळू देऊ नयेत. फटी बऱ्याच मिटतात. त्यानंतर दोन दिवस सावलीतच वारा लागू द्यावा, कारण ओल लाकडाच्या पोटात हवी, सांध्याच्या कडांवर नको. ओल्या कडेला तेलाची लांबी, म्हणजे सांधा वरून बुजवायची पुट्टी, धरत नाही. हा तोल साधणे हेच या कामातले सर्वांत अवघड अंग आहे आणि आपल्याकडच्या कोरड्या हवेत त्यासाठी घाई चालत नाही.

जुना मसाला काढताना ग्राइंडर फिरवणे ही दुसरी महागडी चूक होय. सांधा बाहेरच्या बाजूला किंचित उघडा आणि आत घट्ट, असा निमुळता असतो; चकतीने तो सरळ खोल चर होतो आणि लांबीखाली सांध्यात ठोकायच्या कापसाला टेकायला जागाच राहत नाही. जुन्या कानशीचे टोक तापवून काटकोनात वाकवावे व त्या आकड्याने हळूहळू खरवडावे.

कापूस आपल्या गावात मुबलक आहे, पण यंत्रमागावरच्या तेलकट चिंध्या वा सुताचे टाकाऊ गुंते घेऊ नयेत, कारण यंत्राच्या तेलावर रंगही बसत नाही आणि लांबीही चिकटत नाही. स्वच्छ कापसाची सैल वळलेली वात अरुंद सांध्यात बोथट पटाशीने व लाकडी मोगरीने बसवावी. वात पार आत निघाली तर ठोका जास्त झाला. बोटाने ओढताच बाहेर आली तर कमी. वर लांबीसाठी काही मिलिमीटर जागा सोडावी. फार रुंद सांधा कापसाने भरण्यापेक्षा सुताराकडून त्यात लाकडाची पातळ पट्टी बसवून घेणे बरे.

लांबी भरण्याआधी कापसावर व कडांवर प्रायमरचा हात द्यावा, नाहीतर कोरडे लाकूड लांबीतले तेल शोषून घेते आणि ती भुगा होऊन गळते. पूर्वी यासाठी जवसाच्या तेलात शेंदूर कालवत. तो शिशाचा ऑक्साइड असून विषारी आहे, त्यामुळे रेड ऑक्साइड प्रायमर वापरणे शहाणपणाचे. लांबी खडूची भुकटी आणि उकळलेले जवसाचे तेल यांची करावी. घरात आहे म्हणून शेंगदाण्याचे तेल घालू नये. ते हवेत वाळून घट्ट होत नाही. जवसाच्या तेलाचे बोळे मात्र चुरगाळून कोपऱ्यात टाकू नयेत, ते आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पसरून वाळवावेत किंवा पाण्यात बुडवावेत. लांबी फळीच्या पातळीपेक्षा किंचित खोल ठेवावी, म्हणजे फळ्या फुगल्यावर तिचा उंचवटा वर येत नाही. सिलिकॉन टाळावे, त्यावर रंग बसत नाही आणि पुढच्या दुरुस्तीलाही ते आडवे येते.

एवढे करूनही होडी पहिल्या दिवशी गळतेच. उथळ पाण्यात बांधून ठेवावी, पाणी उपसत राहावे आणि दोन दिवस थांबावे. तिसऱ्या दिवशीही गळती तितकीच असेल तर होडी काठावर आधारांवर ठेवून आत थोडे पाणी ओतावे व बाहेरून जिथे थेंब दिसेल तिथे खडूने खूण करावी; आतून शोधल्यास फसगत होते, कारण पाणी फासळीच्या कडेने वाहत भलतीकडेच साचते. तळाच्या कण्यालगतचा सांधा आणि खिळ्यांची भोके आधी तपासावीत. खुणेपाशी टोचा सहज रुतला तर लाकूड कुजले आहे, आणि तिथे सांधा पुन्हा भरण्याऐवजी फळीच बदलावी लागते.