ब्राउझर शिकताना आधी पत्ता वाचायला शिका

सातबारा, लाईट बिल, विद्यापीठाचा निकाल, रेल्वेचे आरक्षण अशी कितीतरी कामे आता घरबसल्या होऊ शकतात. तरीही सोलापुरातील अनेक ज्येष्ठ मंडळी प्रत्येक वेळी ई-सेवा केंद्र गाठतात किंवा पुण्यात नोकरी करणारा मुलगा सुट्टीला येईपर्यंत थांबतात. अडचण बहुधा एकच असते: पडद्यावर आपण नेमके कुठे आलो आहोत हे उमगत नाही आणि भलतेच काही दाबले जाईल या धास्तीने हात आखडतो. म्हणून या लेखात ब्राउझरच्या, म्हणजे इंटरनेटवरील पाने उघडून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, सगळ्या सोयी सांगत बसण्याऐवजी संकेतस्थळाचा पत्ता वाचण्यावर अधिक भर दिला आहे.

क्रोम, एज, फायरफॉक्स, सफारी हे सगळे ब्राउझरच आहेत. एक शिकला की दुसरा परका वाटत नाही, आणि विंडोजच्या संगणकात एज आधीपासूनच असतो. टिम बर्नर्स-ली यांनी १९९० मध्ये सर्न या संशोधन संस्थेत पहिला ब्राउझर तयार केला, तेव्हापासून दोन गोष्टी कायम आहेत: प्रत्येक पानाला स्वतःचा पत्ता असतो आणि एका पानावरून दुसऱ्या पानाकडे नेणारे दुवे असतात.

ब्राउझर उघडल्यावर वरच्या बाजूला जी लांब आडवी पट्टी दिसते ती ॲड्रेस बार. तिच्यावर क्लिक करून, किंवा कंट्रोल आणि एल ही बटणे एकत्र दाबून, सोलापूर डॉट गव्ह डॉट इन (solapur.gov.in) हा जिल्हा प्रशासनाचा पत्ता इंग्रजी लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता टाइप करावा आणि एंटर दाबावे. सरावासाठी हे संकेतस्थळ मुद्दाम निवडले आहे, कारण येथे ओळखीची गावे आणि तालुके भेटतात आणि वाचत फिरण्यासाठी पैसे भरावे लागत नाहीत.

पान उघडले की माऊस सावकाश फिरवावा. साध्या मजकुरावर असताना बाणाचे किंवा उभ्या रेघेचे चिन्ह दिसते. दुव्यावर येताच त्याचा बोट दाखवणारा हात होतो. शिकणाऱ्यांचा माऊसवरचा हात बहुतेक वेळा इतका आवळलेला असतो, की क्लिक करता करताच माऊस सरकतो आणि शेजारचा दुवा उघडतो. मनगट टेबलावर टेकवून फक्त तर्जनी हलवावी. तरीही भलते पान उघडलेच तर डाव्या कोपऱ्यातील डावीकडे वळलेला बाण, म्हणजे बॅकचे बटण, दाबावे. आधीचे पान परत येते. पहिले दोन-तीन दिवस एवढेच करावे: दुव्यावर जावे, थोडे वाचावे, मागे यावे. मागे येता येते याची खात्री पटली की धास्ती निम्मी कमी होते.

आता मुख्य धडा. टपालाच्या पाकिटावर नाव, गल्ली, पेठ असे लिहून शेवटी सोलापूर ४१३००१ येते, आणि पत्र कोणत्या गावी जाणार हे त्या शेवटच्या ओळीवरून ठरते. संकेतस्थळाच्या पत्त्यातही सुरुवातीचे ‘एचटीटीपीएस’ आणि त्याला जोडून येणाऱ्या दोन तिरक्या रेघा सोडून पुढची पहिली तिरकी रेघ शोधावी आणि तिच्या लगेच आधीचा भाग उजवीकडून डावीकडे वाचावा. डिजिटलसातबारा डॉट महाभूमी डॉट गव्ह डॉट इन हा पत्ता ‘गव्ह डॉट इन’ ने संपतो. ही जागा शासकीय संस्थांनाच मिळते, त्यामुळे येथे निश्चिंत राहावे. याउलट, आयआरसीटीसी डॉट को डॉट इन डॉट रिफंड डॉट एक्सवायझेड असा पत्ता कोणी पाठवला, तर सुरुवात ओळखीची दिसली तरी तो रेल्वेचा नाही. त्याचा खरा मालक शेवटच्या ‘रिफंड डॉट एक्सवायझेड’ मध्ये आहे. सगळ्याच खऱ्या पत्त्यांत ‘गव्ह’ असते असेही नाही. रेल्वे तिकिटांचा खरा पत्ता आयआरसीटीसी डॉट को डॉट इन आहे, तर महावितरणचा महाडिस्कॉम डॉट इन. असे नेहमीचे पत्ते वहीत लिहून ठेवावेत.

पत्त्याशेजारचे कुलूप पाहून विश्वास ठेवण्याची सवय अनेकांना लागली आहे, ती सोडावी. त्या कुलपाचा अर्थ इतकाच, की तुमच्या आणि त्या संकेतस्थळाच्या मधली देवाणघेवाण तिसऱ्याला वाचता येत नाही. समोरचा प्रामाणिक आहे की नाही हे ते सांगत नाही, कारण फसवी संकेतस्थळेही ते सहज मिळवतात. क्रोमने तर २०२३ मध्ये कुलपाचे चिन्हच काढून टाकले.

ॲड्रेस बारमध्ये पत्त्याऐवजी साधे शब्द टाकले, उदाहरणार्थ ‘सोलापूर पुणे रेल्वे वेळापत्रक’, तर शोधाचे निकाल मिळतात. सर्वांत वरचे काही निकाल पैसे देऊन लावलेल्या जाहिराती असू शकतात आणि त्यांच्याजवळ बारीक अक्षरांत ‘स्पॉन्सर्ड’ असे लिहिलेले असते. बँकेचा किंवा गॅस कंपनीचा ग्राहक सेवा क्रमांक असा शोधून कधीही फोन करू नये. तो पासबुकावरून किंवा बिलावरून घ्यावा. याबाबतीत थोडा हट्टीपणा केलेला बरा.

हात बसला की सातबारा पाहण्याचे काम स्वतः करावे. भूलेख डॉट महाभूमी डॉट गव्ह डॉट इन येथे जिल्हा, तालुका, गाव निवडून गट क्रमांक भरला, की उतारा पाहता येतो. तो केवळ माहितीसाठी असतो. कार्यालयीन कामाला डिजिटल स्वाक्षरीचा उतारा लागतो. तो वर सांगितलेल्या डिजिटलसातबाराच्या पत्त्यावर १५ रुपये भरून मिळतो.

काही सोयी थोडक्यात. अक्षरे बारीक वाटली तर कंट्रोल दाबून अधिकचे चिन्ह दाबावे. आधीचे पान न सोडता दुसरे उघडायचे असल्यास कंट्रोल आणि टी दाबून नवा टॅब घ्यावा. लांबलचक यादीत ‘मंगळवेढा’ शोधायचे असेल तर कंट्रोल आणि एफ दाबून शब्द टाकावा. मात्र कागद स्कॅन करून चढवलेला असेल तर तो ब्राउझरला चित्रासारखा दिसतो आणि शब्द असूनही सापडेलच असे नाही. खात्री केलेले पान कंट्रोल आणि डी दाबून बुकमार्क करावे, म्हणजे पुन्हा शोधावे लागत नाही. एखादे पान सूचना पाठवण्याची परवानगी मागू लागले, तर ‘ब्लॉक’ निवडावे.

नेट कॅफेतील किंवा दुसऱ्याच्या संगणकावर काम असेल तर क्रोम अथवा एजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एन दाबून खासगी विंडो उघडावी. ती बंद केल्यावर पाहिलेल्या पानांची नोंद त्या ब्राउझरमध्ये राहत नाही. उतरवलेली फाइल मात्र डाउनलोड्स फोल्डरमध्ये तशीच राहते. आधार कार्डाची प्रत छापून झाली की ती तेथून आणि रिसायकल बिनमधूनही काढून टाकावी, प्रत्येक खात्यातून लॉग आउट करावे आणि पासवर्ड जतन करायचा का, असे विचारले गेले तर नकार द्यावा. इतकी काळजी घेऊनही खात्यातून पैसे गेलेच, तर लाजेपोटी थांबू नये. ताबडतोब १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करावा आणि बँकेलाही कळवावे, कारण पैसे पुढच्या खात्यात वळते होण्याआधी तक्रार पोहोचली तर ते रोखून धरता येण्याची शक्यता अधिक असते.