विज्ञानलेखावर अहवाल लिहिताना
लेख वाचून झाला की मिटून ठेवा आणि वहीत आधी एवढंच लिहा: दिसलं काय, तपासलं काय, निष्कर्ष काय. मुलांची गल्लत नेमकी इथेच होते. आपल्या बुलडाण्याचंच घ्या ना. जून २०२० मध्ये लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं, हे दिसलं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं पाण्याचे नमुने तपासले. खारट पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्यामुळे तो रंग आला, हा निष्कर्ष. ‘चमत्कार’ वगैरे शब्द अहवालात नकोत. लेखातली वाक्यं जशीच्या तशी उतरवली, तर सरांना पहिल्याच ओळीत कळतं. लेखाचं नाव, लेखक, तारीख मात्र हुबेहूब उतरवा. शेवटी स्वतःला पडलेला एखादा प्रश्न लिहा, जसं की रंग पुढे ओसरला कसा?