ओके बटणाचा माग

लिनक्सवर रिमोट जोडायला पहिल्यांदा बसलं की हात आधी कॉन्फिग फाइलकडे जातो. माझाही गेला. दोन संध्याकाळी मी लर्कच्या, म्हणजे रिमोटचे सिग्नल वाचणाऱ्या प्रोग्रॅमच्या, सेटिंग बदलत बसलो आणि घोळ तिथे नव्हताच. तेव्हापासून मी एकच क्रम पाळतो: सिग्नल ज्या वाटेने जातो त्याच वाटेने त्याचा माग काढायचा. तो जिथे दिसेनासा होईल तिथली गोष्ट आधी दुरुस्त करायची, पुढचं नंतर.

सुरुवात रिमोटपासून. मोबाइलचा कॅमेरा समोर धरून बटण दाबा. एलईडी जांभळट लुकलुकायला हवा. मागच्या कॅमेऱ्यात नाही दिसला तर सेल्फी कॅमेऱ्याने बघा, कारण मागच्यात बऱ्याचदा इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर असतो.

मग रिसीव्हर. आयआर-कीटेबल ही कमांड नुसती चालवली की कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) सापडलेले रिसीव्हर दिसतात. यादी रिकामी असेल तर ड्रायव्हरच लागलेला नाही, डीमेसेग, म्हणजे कर्नलच्या नोंदी, वाचा.

रिसीव्हर दिसतोय, तर तीच कमांड ‘-टी’ लावून चालवा आणि बटण दाबा. स्कॅनकोड, म्हणजे रिमोटने त्या बटणासाठी पाठवलेला आकडा, उमटला की अर्धं काम झालं. नवखे इथेच सर्वाधिक अडकतात, कारण रिसीव्हर ठीक असूनही रिमोटचा प्रोटोकॉल, म्हणजे सिग्नलची भाषा, बंद असू शकतो. एनईसी, आरसी-५, आरसी-६ हे नेहमीचे; ‘-पी’ने ते चालू करता येतात. तरीही शांतता असेल तर मोड२ या कमांडने कच्चे स्पंद बघा. सुरुवातीला साधारण ९००० मायक्रोसेकंदांचा स्पंद आणि मागून ४५०० चा खंड दिसला तर रिमोट एनईसीचा समजा.

माझ्या रिमोटचे बाण चालायचे, ओके मात्र मुका. कर्नलने ओळखलेलं बटण दाखवणाऱ्या इव्हटेस्टमध्ये तर ‘की_ओके’ दर वेळी स्वच्छ उमटत होतं! मग शेजारचा आकडा नीट पाहिला: ३५२. पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या एक्स११ मध्ये कीकोड २५५ च्या पुढे जात नाहीत, आणि कर्नलच्या कोडमध्ये ८ मिळवले जातात, म्हणून २४७ च्या वरचं बटण अ‍ॅपपर्यंत पोचतच नाही. कीमॅपमध्ये, म्हणजे कुठला स्कॅनकोड कुठलं बटण या यादीत, त्या स्कॅनकोडसमोर ‘की_एंटर’ लिहिलं, ज्याचा कोड २८ आहे, आणि ओके पहिल्याच दाबाला चाललं. तो क्षण मी विसरलेलो नाही. आकड्यांची बटणंही तपासा. ‘की_न्यूमरिक’ची मालिका ५१२ पासून सुरू होते, तिथे साधे ‘की_१’, ‘की_२’ लिहा.

एका दाबाला दोनदा हालचाल होत असेल तर कर्नल आणि लर्कडी (लर्कचा मागे चालू राहणारा भाग) दोघंही तेच बटण अ‍ॅपला देत नाहीत ना, हे बघा. साध्या वापराला कर्नल पुरतो. मी लर्कडी बंदच ठेवतो.

‘-डब्ल्यू’ने चढवलेला कीमॅप रीबूटनंतर टिकत नाही. फाइल इटीसीखालच्या आरसी_कीमॅप्स फोल्डरमध्ये ठेवा, आरसी_मॅप्स.सीएफजीमध्ये तिची ओळ घाला, आणि रीबूट करून पुन्हा ‘-टी’ चालवून बघा.